आधी निरोगी, मग आजारी

परभणी

परभणीत मला शाल मिळाली. ती अजून प्लास्टिकच्या पिशवीतच आहे आणि तिथंच राहणार आहे.

व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय त्यांनीच दिलेला: विषाणू आणि जनावर यांच्यातली झटापट समजून घेण्यात गेलेली माझी सगळी वर्षं. पुण्याहून आलो, स्टेशनबाहेरच्या टपरीवर सुशीला खाल्ली. आमच्या सांगलीकडं हा प्रकार नाही. भिजवून पिळलेले मुरमुरे, कांदा, हिरव्या मिरचीची फोडणी, वर शेंगदाण्याचं कूट. टपरीवाल्यानं विचारलं, "तिखट चालतंय का पाहुणे?" मी हो म्हणालो आणि दुसऱ्या घासाला नाक पुसायला लागलो.

"न्हाई म्हणायला लाजायलेत लोक," तो शेजारच्याला म्हणाला, "मंग हितं बसून रडायलेत."

सगळे हसले. मीही हसलो. त्या माणसानं माझं सगळं आयुष्य एका वाक्यात सांगून टाकलं होतं, हे संध्याकाळपर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही.

व्याख्यान चांगलं झालं. माझी व्याख्यानं चांगलीच होतात, तोच तर संताप आहे. विषाणू पेशीत शिरला की पेशी गुपचूप मरत नाही, ओरडते, हे मी सांगितलं. म्हणजे एक रसायन बाहेर सोडते. शेजारच्या पेशींच्या अंगावर ते ऐकणारे कान असतात. ओरड ऐकू आली की त्या आपापली दारं लावून घेतात. देवीच्या रोगाच्या कुळातले विषाणू यावर तोड काढून बसलेत. ते बाहेर नुसते सुटे कान सोडतात, कुणाच्याच अंगाला न जोडलेले. पेशीची ओरड त्या खोट्या कानांत जिरते. शेजारी बेसावध राहतात, दारं उघडी राहतात. गाई-बैलांना होणारा लम्पी याच कुळातला. या खोट्या कानांवर मी माझी उमर घातली, असं म्हणालो. टाळ्या पडल्या.

मग शेवटचं चित्र. विषाणूंची वंशावळ, झाडासारखी काढलेली. जवळचे नातलग एका फांदीवर. त्यात आमच्या प्रबंधातलं 'गाव क' आणि 'गाव ख' एकाच डहाळीवर, एकमेकांना चिकटून. दोन्ही गावं याच जिल्ह्यातली.

मधल्या रांगेतली एक विद्यार्थिनी उठली. "सर, 'क' मधून 'ख' मधी कसा गेला विषाणू? लय लांब हायेत... आहेत ना, दोन्ही गावं?"

बोली सुटली म्हणून ती लाजली. मी हसून तिला सांभाळून घेतलं आणि म्हणालो, "जनावरांची ने-आण होते. ती शक्यता नाकारता येत नाही."

तिनं मान डोलावली आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

हेच वाक्य मी 'गाव ख' मधल्या पारावर उभा राहून बोललो होतो. शब्दाला शब्द. तिथं त्याचं काय झालं हे मला ठाऊक होतं. तरीही ते तोंडातून तसंच आलं, पानाची पिंक यावी तसं. शाल घेताना मी मान वर केली नाही. मी भारावलो असं लोकांना वाटलं असेल.

बाहेर गाडीपाशी रशीदभाई उभे होते. साथीच्या वेळी आमची जीप तेच चालवत होते, आता स्वतःची गाडी भाड्यानं देतात. मी म्हणालो, "उद्या पुण्याला नाही जायचं. जिंतूरकडं जायचं."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "वो गाव?"

"हो."

"बहोत दिन लगाए, साब," ते म्हणाले आणि मागचं दार उघडलं. मी पुढं बसलो.

जिंतूरचा रस्ता

दुसऱ्या दिवशी खांदमळणी होती, पोळ्याची आदली संध्याकाळ. आमच्याकडं बेंदूर आषाढातच उरकतो. इथं श्रावणी अमावास्येपर्यंत थांबतात. बोरी गावाच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन शेंगांनी भरून उभं होतं आणि वाटेत भेटलेला प्रत्येक माणूस मोटारसायकलवर काहीतरी बैलाचं घेऊन चालला होता. गोंडे, झुली, घुंगरांच्या माळा, बेगड. एकानं तर शिंगांचे रंग शर्टाच्या खिशात घातले होते आणि खिसा निळा झाला होता.

जिंतूरला चहाला थांबलो. मिरचीभजी आली. मी माझी प्लेट सरकवली आणि रशीदभाईंनी दोन्ही खाल्ल्या.

"साब, एक बात पूछू? तुमच्याकडं ऊस लय हाय ना?"

"आहे."

"वो गाववाले तुमच्याकडंच जातेत तोडायला."

हे मला माहीत होतं, आणि नव्हतं. लहानपणी आमच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडायच्या. बैलगाड्या यायच्या, थंडीत पहाटे कोयत्यांचे आवाज यायचे. ती माणसं कुठली, असं विचारलं की घरचे म्हणायचे, "तिकडची, बीड-परभणीकडची." एवढंच. तिकडची. आमच्या घरी आलेली साखर ज्यांच्या हातून गेली त्यांच्या गावाचं नाव विचारायची आम्हाला कधी गरज पडली नाही. मग मोठा होऊन मी त्यांच्या गावी गेलो तो त्यांच्या बैलांचं रक्त काढायला.

गावाचं नाव मी इथंही लिहिणार नाही. त्या गावाच्या माथी माझ्यामुळं बरंच काही बसलंय, आता आणखी नको.

फाटा

चारठाण्याच्या अलीकडं एक फाटा फुटतो. सरळ गेलं की चारठाणा, त्याच्या पलीकडं 'क' गाव. फाट्यावरून आत वळलं की 'ख'.

रशीदभाईंनी फाट्यावर गाडी थांबवली. इंडिकेटर दिला नाही. समोर बघत म्हणाले, "पहले देवळं, साब?"

टोमणा नेमका बसला. त्या दिवशी याच फाट्यावर त्यांनी विचारलं होतं, "अगोदर हे गाव ना? कागदावर असंच हाय." आणि मी म्हणालो होतो, "नको, अगोदर चारठाणा."

आमच्या धंद्यात एक नियम आहे. शिकाऊ पोरालाही पहिल्या आठवड्यात घोकायला लावतात. साथीत गावं फिरायची तर आधी निरोगी, मग आजारी. उलटं कधीही नाही. त्या दिवशी 'ख' गाव निरोगी होतं. एकाही जनावराच्या अंगावर गाठ नव्हती. लाल कंधारी जातीची काही जनावरं रोगाला दाद देत नाहीत असं आमचं म्हणणं होतं, म्हणून निरोगी गावातलंही रक्त हवं होतं. 'क' मध्ये मात्र जनावरं तापानं फणफणत होती.

मी क्रम उलटा केला. का, तर चारठाण्याची जुनी देवळं सकाळच्या उन्हात बघायची होती. पुन्हा या भागात येणं व्हायचं नाही, दुपारी ऊन डोक्यावर येतं, फोटो चांगले येत नाहीत. एवढंच कारण. कुणाचा दबाव नव्हता, वरून हुकूम नव्हता. देवळं पाहिली. तो उंच दगडी खांब पाहिला, बारवेच्या पायऱ्यांवर बसून संत्री खाल्ली. मग 'क' मध्ये गाठी कापल्या, रक्त काढलं. आणि दुपारी त्याच जीपमधून, त्याच बुटांनी 'ख' मध्ये शिरलो.

सुई प्रत्येक जनावराला नवी वापरली. पण सुई ज्या प्लास्टिकच्या नळकांड्यात बसवतात ते तेच होतं. नाकात धरायचा चिमटाही तोच, नुसता पुसलेला. आणि जीपमध्ये माशा. रक्ताळलेल्या हातमोज्यांच्या पिशवीवर बसलेल्या, जनावराला चावणाऱ्या माशा. नळकांड्यानं नेला, चिमट्यानं नेला की माशीनं, हे मला आजही सांगता येणार नाही. गाडी माझी होती एवढं सांगता येतं.

"आधी गाव," मी रशीदभाईंना म्हणालो. त्यांनी इंडिकेटर दिला.

गाव

मिलिंद खंदारेचं घर गावाच्या कडेला, बौद्धवाड्यात. निळा झेंडा, पत्र्याचं छप्पर, दारात कडुनिंब. दुपार कलत होती. मिलिंद चुलीवर पाणी तापवत बसला होता आणि त्याची आई धुरपताबाई पाट्यावर हळद वाटत होती. कडुनिंबाखाली त्यांचा बैल, तांबड्या. अंगावर गाठींच्या जागी केस न आलेले गोल डाग. रोगातून उठलेल्या जनावराची ही खूण आयुष्यभर जात नाही.

रक्त काढायला आलो त्या दिवशी मी याच ओट्यावर जेवलो होतो. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा. बरोबरची मंडळी जीपमध्ये बसून बाटलीतलं पाणी पीत होती, आणि मी मुद्दाम मांडी घालून बसलो, दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली. धुरपताबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "आमच्या घरचं खायलाव, लय बरं वाटलं बगा." त्या भाकरीचा मला अभिमान वाटला होता. या घरात जेवलो, म्हणजे आपण चांगले! आज तो अभिमान आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. हाताला 'क' गावाचा वास असताना मी त्यांच्या ताटातलं खाल्लं.

"कोण म्हणायचं?" धुरपताबाईंनी डोळे बारीक केले. मग ओळखलं. "रक्तवाले सायेब व्हय! या. लय दिसानं आलाव."

पाण्याचा तांब्या आला. मी घेतला नाही. म्हणालो, "आधी ऐका. मग द्यायचं का ते ठरवा."

तेव्हा काय घडलं होतं ते आधी वाचणाऱ्याला सांगतो. मिलिंदकडं एकच बैल होता, हा तांबड्या. वेशीजवळच्या उत्तमरावांकडंही एकच. दोघांची सावड होती, म्हणजे दोन घरांचे दोन बैल एका जुवाला, आज याचं रान, उद्या त्याचं. बापजाद्यांपासूनची. गावात कुणी काही म्हणो, नांगराला ही दोन घरं एक होती. त्या वर्षी मिलिंदनं ऊसतोडीला स्वतःची बैलजोडी न्यायची म्हणून बाजारातून दुसरा बैल आणला. पाठोपाठ आम्ही गेलो, रक्त काढलं, निघून आलो. आणि मग गावाला लम्पी लागला. उत्तमरावांचा बैल गेला, गाय गेली. मिलिंदचा बाजारचा बैलही गेला.

मी अधिकाऱ्यांबरोबर परत गेलो तेव्हा पारावर सगळं गाव जमलं होतं. उत्तमरावांनी मला विचारलं, "सायेब, बाजारातून आणलेल्या बैलानं आला का हा रोग?"

त्या बैलाचं रक्त माझ्याकडं होतं. मी स्वतः तपासलं होतं. त्यात विषाणू नव्हता, आधी कधी होऊन गेल्याची खूणही नव्हती. पारावर उभा राहण्याआधीच मला हे माहीत होतं. "नाही" हा एक शब्द पुरेसा होता. पण 'नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कशानं? आणि त्याचं उत्तर पारावर उभं होतं, गळ्यात ओळखपत्र अडकवून.

म्हणून मी म्हणालो, "ती शक्यता नाकारता येत नाही."

शास्त्रज्ञ असंच बोलतात. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते बरोबरही असतं. खोटं बोलल्याचा डाग लागत नाही आणि खरंही बोलावं लागत नाही, असलं वाक्य दुसऱ्या कुठल्या धंद्यात सापडायचं नाही.

हे सगळं मी मिलिंदला सांगितलं. तो चुलीतलं लाकूड सारत होता. सारणं थांबलं नाही.

"माझ्या बैलाचं रक्त तुमी तपासलं हुतं?"

"हो."

"त्यात न्हवतं?"

"नव्हतं."

"आन् पारावर बोलायच्या आधीच ठावं हुतं?"

"होतं."

धुरपताबाईंनी वरवंटा खाली ठेवला. हात हळदीनं पिवळेजर्द. "त्या दिसापासून आमचं जनावर हाळावर जाऊ देत न्हाईत," त्या म्हणाल्या. गावाची सगळी गुरं जिथं पाणी पितात तो दगडी हौद म्हणजे हाळ. "माझी नात बैल घेऊन गेल्ती तर तिला म्हणले, तुमच्या जनावरात रोग हाय, तुमी लांबच ऱ्हावा. जनावर म्हणले, आन् बगायले पोरीकडं! तवापास्नं घागरीनं पाणी घालायलोत त्याला. सावड गेली. एका बैलानं काय करावं माणसानं? आन् तुमी माझ्या हातचं खाऊन गेलाव. तुमची जीभ झडली न्हाई का ओ?"

मी तांबड्याच्या अंगावरचे डाग बघत राहिलो.

गावाचाही मला राग येतो, तोही इथंच सांगून टाकतो. हाळ काही मी बंद केला नाही. जनावर बरं झालं की त्याच्यापासून रोग होत नाही, हे तालुक्याचे डॉक्टर येऊन दोनदा सांगून गेले होते. कुणी ऐकलं नाही. त्यांना जुन्याच रोगाला नवं नाव हवं होतं आणि ते मी शास्त्राच्या शिक्क्यासकट पुरवलं. पूर्वी लांब राहा म्हणायला लाज तरी वाटायची. माझ्या वाक्यानं ती लाजही काढून घेतली.

"मला सांगून काय फायदा?" मिलिंद उठला. "माझ्या बैलानं आणला न्हाई हे मला पयल्या दिसापास्नं म्हाईत हाय. मला नवं काय सांगायलाव तुमी?" त्यानं तांबड्याचं दावं सोडलं आणि माझ्या हातात दिलं. "धरा. आज समदं गाव हाळावर हाय, बैलं धुवायलेत. तुमी न्या ह्याला पाण्यावर. आन् तितं बोला."

"मिल्या, मारतील रं," धुरपताबाई म्हणाल्या.

"कोणाला? ह्यांला? पुण्याच्या माणसाला कोण मारतंय, आई."

हाळ

मी शेतकऱ्याचा मुलगा, पण बैल धरून चालल्याला जमाना लोटला होता. तांबड्या शहाणा. मी घाबरलोय हे त्याला दावं धरताक्षणीच कळलं आणि तो मला ओढत निघाला. वेशीजवळ माझी एक चप्पल चिखलात रुतून राहिली. रशीदभाईंनी ती उचलून आणली आणि हातात धरून मागून चालत राहिले. ओट्यावरची पोरं खिदळली.

हाळावर खरोखर सगळं गाव होतं. ओली, चकचकीत जनावरं, साबणाचा फेस. आम्ही वळणावर दिसलो तसा गलका उतरत गेला.

उत्तमराव हाळाच्या टोकाला होते. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, शेजारी त्यांचा नवा बैल पाणी पीत होता. "आरं मिलिंद," ते म्हणाले, "सणाच्या तोंडावर कामून तमाशा लावायलास?"

"मी न्हाई, सायेब लावायलेत. ऐका."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी घसा साफ केला. "आमच्या तपासणीत असं आढळून आलं आहे की, या गावातला विषाणू आणि..."

"सोप्यात सांगा," मिलिंद म्हणाला. "कोणी आणला?"

"मी आणला."

कुणीतरी मागून म्हणालं, "मोबाईलमधी घे रे, मोबाईलमधी."

"काय म्हणलाव?" उत्तमरावांनी विचारलं.

"तुमच्या गाईचा, बैलाचा रोग माझ्या जीपमधून आला. मी सकाळी आजारी गावात गेलो होतो आणि दुपारी इथं आलो. तसं करायचं नसतं. मिलिंदचा बाजारचा बैल तेव्हा निरोगी होता. तो इथं येऊन आजारी पडला, तुमच्या जनावरांसारखाच."

"ह्या पारावर मी तुमाला इच्यारलं हुतं."

"हो."

"तवा काय म्हणलाव तुमी?"

"शक्यता नाकारता येत नाही, म्हणालो."

"म्हंजी काय ते? मराठीत सांगा."

"म्हणजे 'नाही' म्हणायचं होतं, आणि म्हणालो नाही."

उत्तमरावांचा चेहरा काळवंडला. ते माझ्या अंगावर येतील असं वाटलं, आणि खरं सांगतो, यावेत असंही वाटलं. "माझी गाय पाय खोरत मेली," ते म्हणाले. "तिच्या डोळ्यातल्या माशा हाकलत बसलो हुतो मी. आन् मी ह्या मिल्याला शिव्या देयचो. त्याच्या बापाला, माझ्या जोडीदाराला, मेलेल्या माणसाला शिव्या दिल्या मी!"

"फारच सोपं झालं तुमाला," गर्दीतला एक तरुण मला म्हणाला. "आता आलाव, बोललाव, मोकळे झालाव."

"मोकळा नाही झालो," मी म्हणालो, आणि मग माझाही तोल सुटला. "पण हाळ मी बंद केला नव्हता. डॉक्टर सांगून गेले होते, बरं झालेलं जनावर रोग देत नाही. ते कसं ऐकू आलं नाही? माझं एक वाक्य तेवढं बरं ऐकू आलं!"

"तुमी कोण आमाला शिकवणारे?" तोच तरुण म्हणाला.

माझा राग खरा होता आणि तो करायचा मला अधिकार नव्हता, दोन्ही एकाच वेळी.

रशीदभाई चप्पल हातात घेऊन पुढं झाले. "मी हुतो गाडीवर," ते म्हणाले. "त्या दिवशी गाडीत माशा मारून मारून माझा टॉवेल लाल झालता. मी साबला बोललो, इतक्या माशा कायकू? साब बोलले, काच खाली कर, जातील." ते थांबले. "काच मी ह्याच गावात खाली केली."

मी हे विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. रशीदभाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही.

तांबड्याला या कशाशी देणंघेणं नव्हतं. त्यानं मला हिसका दिला, हाळाला भिडला आणि उत्तमरावांच्या बैलाशेजारी तोंड घातलं. लोक ते पाहत होते. उत्तमरावांचा हात त्यांच्या बैलाच्या दाव्यावर होता. आता ओढतील, असं सगळ्यांनाच वाटलं. त्यांची बोटं आवळली गेलेली मला दिसली. पण दावं ओढलं गेलं नाही. दोन बैल एका पाण्यावर फुरफुरत पीत राहिले.

मग उत्तमराव मिलिंदला म्हणाले, "खांदे मळलेत का त्याचे?"

"जाऊन मळायचेत."

"पळसाची पानं लय आणलीत मी. घेऊन जा."

"पानं हायेत आमच्याकडं," मिलिंद म्हणाला. "सावडीचं बोला."

"सण तर होऊ दे."

"सण लय झाले, उत्तमकाका."

उत्तमरावांनी बैलाच्या पाठीवरचा फेस ओंजळीनं धुतला. मग नुसते म्हणाले, "पोळा झाला की, माझं वरचं रान धरू पयलं." हो म्हणाले की पुढं ढकललं, हे मला सांगता येणार नाही. मिलिंदलाही आलं नसावं. त्यानं माझ्या हातातून दावं घेतलं नाही. मलाच बैल परत न्यावा लागला.

वाटेत मिलिंद एवढंच बोलला, "हितं बोललाव. आता जितं तुमचं छापतेत तितं बी बोला."

पुण्याला परत आल्यावर मी तसं लिहून पाठवलं. प्रबंधात दुरुस्ती हवी, 'क' मधून 'ख' मध्ये विषाणू आमच्या पथकानं नेला, असं. वरून उत्तर आलं की भाषा थोडी सौम्य करता येईल का. मला ती भाषा ठाऊक आहे, उभी हयात तीच बोललो. सौम्य करणार नाही. परभणीच्या त्या विद्यार्थिनीलाही कळवलं आहे की वहीतलं माझं वाक्य खोड.

त्या संध्याकाळी घरी धुरपताबाईंनी कोमट पाण्यानं तांबड्याचे खांदे धुतले. तूप-हळद लावली, पळसाच्या पानांनी चोळून चोळून खांदे शेकले. बैल डोळे मिटून उभा होता. आमच्याकडंही बेंदराच्या आदल्या दिवशी हे करतात, पण इतक्या सावकाश करताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. मग त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि उद्याच्या जेवणाचं बोलावणं दिलं, माणसाला द्यावं तसं.

"आज आवतण घे, उद्या जेवाया ये."

त्यांनी हात पुसले. "रशीदभाई, उद्या पुरणाचं हाय, तुमी बी या."

"आऊंगा, अम्मा."

मग त्या माझ्याकडं वळल्या. क्षणभर वाटलं, म्हणतील.

"तुमाला आवतण न्हाई," त्या म्हणाल्या.

"बरं," मी म्हणालो.

दावं अजून माझ्याच हातात होतं. ते खुंट्याला बांधलं आणि गाडीकडं आलो. मघाशी गाडी उघडीच राहिली होती, आत गावातल्याच माशा शिरल्या होत्या. रशीदभाईंनी टॉवेल काढला. मी तो त्यांच्या हातातून घेतला, चारही दारं सताड उघडली, आणि शेवटची माशी त्या गावातच बाहेर निघेपर्यंत झाडत राहिलो. मगच निघालो.